नवनगरच्या स्टॉपवर उतरवलेला नवरदेव

माझ्या धाकट्या भावाचं लग्न जमता जमता मोडलं ते एका शनिवारी दुपारी, हुबळी–धारवाड बसमध्ये, आणि मोडलं ते मी ओरडले म्हणून. पण ओरडणं हे माझं कामच होतं. खूप तालमी करून मी ते बसवलं होतं.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. मी हुबळीत लॅमिंग्टन रोडजवळच्या एका शाळेत शिकवत होते आणि राहायला धारवाडात, सप्तापूरला. घरात आई, मी आणि भाऊ. भाऊ वाचनालयात कामाला होता. स्वभावानं इतका गरीब की उशिरा पुस्तक परत करणाऱ्याला दंड सांगताना स्वतःच लाजायचा. आमचा नाटकाचा एक छोटा गट होता. दोन शिक्षिका, कॉलेजातल्या काही मुली, एक वकील आणि भाऊ. बायकांवर जे अत्याचार होतात आणि ज्यांच्याविषयी घरात कुणी चकार शब्द काढत नाही, त्यांच्यावर आम्ही नाटकं करायचो. अळणावरच्या बाजूच्या खेड्यांतून देवळाच्या कट्ट्यावर उघडउघड करायचो. ढोलकी वाजवायची, माणसं जमवायची. पोलिसात तक्रार द्यायला गेलेल्या बाईला काय काय विचारतात ते करून दाखवायचं, मग खाली बसून गप्पा मारायच्या. बायका आधी पदर तोंडाला लावून हसायच्या, मग बोलायच्या. आमचं मराठी आणि त्यांचं कन्नड यांची मधेच कुठेतरी गाठ पडायची.

बसमधलं नाटक मात्र गुपचूप. तिथं ढोलकी नाही, पडदा नाही, आणि आपण नाटक बघतोय हे प्रवाशांना ठाऊकही नाही. हुबळीहून बस सुटली की भाऊ माझ्या मागे येऊन उभा राहायचा. थोड्या वेळानं मी ओरडायची, "हात काढा आधी!" त्यानं वरच्या मजल्यावरून पडल्यासारखा चेहरा करायचा आणि म्हणायचं, "मी काय केलं?" गटातले बाकीचे आधीच विखरून बसलेले असायचे. एकजण म्हणायची, "गर्दीत लागतो हो हात, त्यात काय एवढं?" दुसरी म्हणायची, "मलाही परवा असंच झालं." एवढ्यावर अख्खी बस पेटायची. धारवाड यायच्या जरा आधी मी सीटवर चढून सांगायची, की हे नाटक होतं, हा माझा भाऊ, त्याचा हात माझ्यापासून वीतभर लांब होता, पण तुम्ही जे आत्ता बोललात ते खरं आहे, ते विसरू नका.

बहीणभावानं हे काम करायचं हे आम्ही मुद्दाम ठरवलं होतं. दुसऱ्या मुलीला अवघडायला नको. नियम एकच आणि पक्का: मी सीटवर चढून सांगेपर्यंत कुणीही नाटक असल्याचं कबूल करायचं नाही. काही झालं तरी.

त्या शनिवारी काही झालं.

मी ओरडले. माझ्या शेजारच्या सीटवरून एक साठी ओलांडलेले गृहस्थ उठले. पांढराशुभ्र सदरा, कपाळाला गंध, हातात छत्री. त्यांनी एक अक्षर न बोलता भावाची कॉलर धरली आणि छत्रीच्या मुठीनं त्याच्या कानावर एक ठेवून दिली. मागून दोन कॉलेजकुमार आले, "होडीरी अवगे!" म्हणजे मारा त्याला, असं ओरडत. कंडक्टरनं शिट्टी फुंकली आणि नवनगरच्या स्टॉपवर गृहस्थ, कॉलेजकुमार आणि माझा भाऊ असे चौघं खाली उतरले.

मीही उतरणार होते. पण तेवढ्यात मागच्या सीटवरची एक भाजीवाली मांडीवरची टोपली खाली ठेवून उठली, आणि आपल्या गल्लीतल्या दुकानदाराविषयी बोलायला लागली. कन्नडमध्ये, मोठ्यानं, अख्ख्या बससमोर. तिच्यामागून एक नर्स. मग शाळेच्या गणवेशातली एक मुलगी. आमच्या इतक्या खेपांत बस अशी कधी उघडली नव्हती. अशा वेळी मी भावासाठी उतरू? तो मोठा होता, त्याला पाय होते, आणि फार तर चार रट्टे बसले असते. मी धारवाडपर्यंत बसमध्ये राहिले. आजही राहीन.

तो घरी आला तेव्हा कान जांभळा झाला होता.

"तू सांगितलं का नाहीस, नाटक आहे म्हणून?" मी विचारलं.

"तू कुठं सीटवर चढली होतीस? नियम म्हणजे नियम, अक्का."

"अरे पण मारत होते की तुला!"

"मारलं नाही फार. भाषण दिलं. मग उठाबशा काढायला लावल्या. त्यांनी विचारलं, तुला घरी आईबहीण नाही का?"

"मग?"

"मी म्हटलं, आहे. बहीण आत्ताच्या बसमधून पुढं गेली."

"मग काय म्हणाले?"

"आणखी एक ठेवून दिली."

आम्ही स्वयंपाकघरात तोंडात टॉवेल कोंबून हसलो, कारण बाहेर आई होती. आईला वाटायचं, तिचा मुलगा आमच्या नाटकात इन्स्पेक्टर होतो. तो बसमधून उतरताना पडला, असं तिला सांगितलं. ती कानाला हळद लावत म्हणाली, "उद्या पाहुणे येणार आणि हा आजच पडला."

कारण उद्या धारवाडातल्याच मळमड्डीहून पाहुणे येणार होते. मुलगी बघून झाली होती. पत्रिका जमली होती. ती गणित शिकवायची आणि बघायच्या कार्यक्रमात तिनं भावाला एकच प्रश्न विचारला होता, "वाचनालयातली पुस्तकं तुम्ही वाचता की नुसती लावता?" भाऊ तेव्हापासून हवेत होता. तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाशी लग्न करायचंच नाही असं त्यानं आईला सांगून टाकलं होतं, आणि आमच्या घरात त्यानं यापूर्वी कुणालाही काही सांगून टाकलेलं नव्हतं. आता फक्त मुलीच्या मामांनी मुलगा बघायचा राहिला होता. बघायच्या कार्यक्रमाच्या वेळी ते आपल्या लेकीकडे बंगळूरला गेले होते. आमच्याकडच्या लग्नांत सोदरमामाचा मान मोठा. मुलीला बोहल्यावर तोच नेतो, तेव्हा त्याच्या होकाराशिवाय साखरपुड्याची तारीख कशी धरणार?

रविवारी दुपारी मी दार उघडलं. मुलीचे वडील होते, आणि त्यांच्यामागे छत्री.

"अहो बाई! तुम्ही!" मामांनी मला एकदम ओळखलं. "काय योगायोग! तुम्ही सुखरूप पोचलात ना?"

मी दारातून बाजूला झाले. ते आत आले, खुर्चीवर बसले आणि आईला म्हणाले, "तुम्हाला सांगितलं की नाही हिनं? काल बसमध्ये एका हरामखोरानं हिची छेड काढली. पण काळजी करू नका. त्याला मी असा सरळ केलाय की जन्मात विसरणार नाही."

"काय सांगता!" आई मटकन खाली बसली. "आणि तू मला बोलली नाहीस गं?"

"मामा, त्याचं असं आहे..."

"तुम्ही लाजू नका बाई. लाजायचं त्यानं. निर्लज्ज इतका की घरी आईबहीण नाही का विचारलं, तर बहीण बसमधून पुढं गेली म्हणतो!"

आईनं त्यांना उप्पिट दिलं, शिरा दिला, वर आणखी शिरा दिला. आपल्या लेकीची अब्रू राखणाऱ्या माणसाला किती वाढू आणि किती नको असं तिला झालं होतं. मी आत जाऊन भावाला मागच्या दारानं बाहेर काढावं म्हणून उठले, तर आईनं हाक मारली, "अरे, ये की बाहेर! मामा आलेत बघ!"

तो आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, जांभळा कान.

मामांचा चमचा तोंडापाशीच थांबला. भाऊ त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग, काय करावं हे न सुचून, वाकून त्यांच्या पाया पडला.

"हा?" मामा म्हणाले.

"नाटक होतं ते!" मी आणि भाऊ एकदम बोललो. आणि दोघंजण एकदम बोलले की ते खोटं वाटतं, हे मला रंगभूमीवरच्या अनुभवानं माहीत असायला हवं होतं.

"नाटक?" मामा उभे राहिले. "पकडलेला प्रत्येकजण काहीतरी सांगतोच. नाटक आहे असं सांगणारा पहिलाच!"

"तू तर इन्स्पेक्टर होतोस ना रे?" आई म्हणाली.

पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी मळमड्डीहून निरोप आला की पत्रिका जमत नाही. जमलेली पत्रिका एका रात्रीत बिघडली.

भाऊ जेवायला बसला, भाताची मूद मोडली आणि उठला. वाचनालयात त्यानं कथासंग्रहांच्या कपाटात प्राणिशास्त्राची पुस्तकं लावली. तीन-चार दिवस हे बघून माझं डोकं फिरलं. रडत बसण्यानं बिघडलेल्या पत्रिका सुधारत नाहीत. मी गट गोळा केला. शनिवारी संध्याकाळी आम्ही मळमड्डीला मुलीच्या दारात उभे राहिलो, निमंत्रणाशिवाय. मामा शेजारच्याच घरात राहायचे. आमचा घोळका बघून तेही आले.

मी म्हटलं, "तुम्ही गेल्या शनिवारी बसमध्ये जे पाहिलंत ते अर्धं नाटक होतं. उरलेलं तुम्ही नवनगरला उतरल्यामुळे हुकलं. ते इथं करून दाखवतो. पटलं नाही तर आल्या पावली जाऊ. लग्नाची गोष्ट नको, नाटक तरी बघा."

वडिलांनी मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "दाखवा. पण मी फसणार नाही."

"तुम्ही फक्त प्रवासी व्हा."

पुढच्या सोप्यातल्या खुर्च्यांची बस झाली. झोपाळा ही मागची सीट. मामांना तिथं बसवलं आणि एका मुलीनं झोपाळा हलवत ठेवला. उणकलपासून नवनगरपर्यंत रस्ता फार खराब आहे असं ती म्हणाली. वकील कंडक्टर झाले, शिट्टी फुंकली, "मुंदक होगरी, मुंदक!" म्हणत मुलीच्या वडिलांना त्यांच्याच घरात पुढे ढकललं. वडिलांना आवडलं असावं. ते खुशाल पुढे सरकले. स्वयंपाकघराच्या दारात मुलीची आई आणि मुलगी उभ्या होत्या. मी नियम सांगितला, की कुणालाही वाटलं गोष्ट वेगळी व्हायला हवी, तर त्यानं "थांबा" म्हणायचं आणि येऊन कुणाचीही जागा घ्यायची.

भाऊ माझ्या मागे उभा राहिला. मी ओरडणार, एवढ्यात दारातून आवाज आला, "थांबा."

मुलगी आली आणि माझ्या खुर्चीत बसली. "आता मी."

भाऊ तिच्या मागे. त्याचे दोन्ही हात पँटच्या खिशात.

"करा की," ती मान न वळवता म्हणाली.

"जमणार नाही."

"अरे, नाटक आहे!" मी म्हटलं.

"म्हणून काय झालं, अक्का? नाही जमणार."

मुलीची आई फस्सकन हसली. वकिलांनी शिट्टी खिशात टाकली आणि भावाची जागा घेतली. मुलगी ओरडलीच नाही. तिनं वळून झोपाळ्याकडे पाहिलं.

"मामा, तुम्ही काय करणार आता?"

"ठोकून काढणार! काढलाच होता!"

"बसमध्ये काढणार. आणि मी घरी येऊन सांगितलं तर?"

झोपाळा हलवणारी मुलगी थांबली.

"बारावीत मी घरी येऊन सांगितलं होतं. क्लासचे सर. तुम्ही म्हणालात, क्लासची वेळ बदल. आई म्हणाली, कुणापाशी बोलू नकोस. मी वेळ बदलली. सर तेच होते."

तिच्या आवाजात रडणं नव्हतं. फळ्यावर उदाहरण मांडावं तसं तिनं ते मांडलं. आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो. नाटकवाल्या माणसांना पुढचं वाक्य कुणाचं हे नेहमी माहीत असतं, आणि तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

"थांबा," मामा म्हणाले. ते झोपाळ्यावरून उतरले. "तुमचा नियम आहे ना, गोष्ट बदलायची असेल तर थांबा म्हणायचं? मग बारावीचं परत करू या. तू क्लासहून आलीस. मी इथं पेपर वाचतोय."

ती दारापर्यंत गेली आणि परत आली. "मामा, क्लासच्या सरांनी..."

"कुठं आहे तो? छत्री आण!"

"असं नाही, मामा. मारामारी नंतर. आधी बसा. ऐकून घ्या."

मामा बसले. ती पुन्हा दारापर्यंत गेली, आली, त्यांच्यासमोर बसली आणि सगळं सांगितलं. मामा शेवटपर्यंत ऐकत राहिले. तिची आई दारातून पुढे आली आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. तेवढ्यात आतून जळका वास आला. "अगबाई, उप्पिट!" म्हणून ती पळाली, आणि का कुणास ठाऊक, आम्ही सगळे हसायला लागलो. मुलगी तर सगळ्यांत जास्त. वकील डोळे पुसत होते. भाऊ अजून हात खिशात घालून उभा होता.

करपलेलं उप्पिट आम्ही सगळ्यांनी खाल्लं. खाताना वडील मामांना म्हणाले, "मग? पत्रिकेचं काय करायचं?"

"मला कशाला विचारता?" मामा म्हणाले. "मला विचारून आजवर काय दिवे लावले? तिला विचारा."

मुलीनं ताटली खाली ठेवली. "माझी हरकत नाही. पण बसमधलं ते काम यांनी सोडायचं."

"का?" मी विचारलं. गटात दुसरा पुरुष वकीलच, आणि त्यांना शनिवारीही अशिलं असत.

"जमत नाही त्यांना. आत्ता पाहिलंत की."

"बसमध्ये फार छान जमतं!" मी म्हटलं, आणि सगळा सोपा माझ्याकडे बघायला लागला. भावानं कपाळाला हात लावला. ती मात्र इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी आणायला भाऊ धावला, त्या घरातलं माठाचं ठिकाण माहीत नसताना. त्याला ते लगेच सापडलं. त्यावर तिची आई म्हणाली, "बरं की. घर सापडलं त्याला." लग्न तिथंच ठरलं.

राहिला प्रश्न त्या कामाचा. मला कितीतरी दिवसांपासून एक गोष्ट खटकत होती. आमचा हात लावणारा नेहमी तरुण, पोरसवदा. बस त्याला लगेच मारायला उठते. पण बायका खाली बसून बोलतात तेव्हा त्यांच्या गोष्टीत काका असतात, सर असतात, शेजारचे आजोबा असतात. मला वयस्कर माणूस हवा होता. पांढरा सदरा, कपाळाला गंध.

मी मामांकडे बघितलं. मुलीनंही बघितलं.

"माझ्याकडे काय बघताय?" मामा म्हणाले.

लग्नानंतरच्या एका शनिवारी मामा हुबळीला माझ्या मागे उभे राहिले. आदल्या आठवडाभर त्यांनी तालमीला येऊन आमचा जीव खाल्ला होता. हात कुठं धरू, चष्मा घालू की नको, पानाचा तोबरा भरू का. बस सुटली. उणकलच्या आसपास मी ओरडले, "हात काढा आधी!"

बसनं मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"अहो बाई, काय बोलता? वडिलांसारखे आहेत ते!" एकजण म्हणाली.

"वयस्कर माणूस, बसनं गचका खाल्ला असेल," कंडक्टर म्हणाला. खरा कंडक्टर.

"मी पाहिलंय," मामांची भाची पुढच्या सीटवरून म्हणाली. तिच्या शेजारी माझा भाऊ होता, आणि त्याला तोंड उघडायची मनाई होती.

"तू गप गं. आजकालच्या पोरींना सगळीकडे तेच दिसतं," मागून कुणीतरी म्हणालं.

मी वाद घातला. भाचीनं घातला. आमच्या मुलींनी घातला. कुणी कॉलर धरली नाही, कुणी शिट्टी फुंकली नाही. एक बाई आपलं बोचकं उचलून उभी राहिली आणि मामांना म्हणाली, "बसा हो काका, घाम आलाय तुम्हाला." मामा नियमाला धरून बसले. धारवाड यायच्या आधी मी सीटवर चढून सगळं सांगितलं. मग ती बोचकंवाली बाई हळूच म्हणाली, "माझ्या सासऱ्यांना कुणी बोललं नाही ते असंच की," आणि तिथून पुढे बस थांबेपर्यंत ती एकटीच बोलत होती आणि बाकीचे ऐकत होते.

खाली उतरल्यावर स्टँडजवळच्या चहाच्या गाड्यावर मामांनी बशी आदळली.

"एकानं मारलं नाही मला! एकानंही!"

भाऊ हसत सुटला. बायकोच्या खांद्याला धरून हसला, मग फुटपाथवर बसून हसला. तीही हसत होती.

"हसताय काय?" मामा ओरडले. "जागा दिली तिनं मला! उठून जागा दिली! बाई, परत हुबळीला जाणारी बस कितीला आहे?"

"आज पुरे, मामा. दमला असाल."

"दमायचं काय? चहा संपवा सगळ्यांनी."

बस लागली तेव्हा आमचे चहा अर्धेच झाले होते. मामा केव्हाच चढून, दांडा धरून उभे होते आणि खिडकीतून आम्हाला हाका मारत होते.